मदत हवी आहे: म्युरेनला एकटीने, तेही मेच्या सुट्टीत. जमेल का?

शाळेची घंटा

नमस्कार मंडळी. स्वित्झर्लंडवरचे इथले जुने धागे चाळले, पण बहुतेक सगळे 'दहा दिवसांत सात शहरं' छापाचे आहेत. मला त्यातलं काही नकोय. डोंगरातल्या एका गावात मुक्काम ठोकायचा, रोज थोडं चालायचं, उरलेला वेळ खिडकीत बसून वाचायचं, बास. आणि एकटीनेच जायचंय. नवऱ्याला रोज नवीन जागा लागते, त्यामुळे त्याने खुशीत 'तू जाऊन ये' म्हटलंय. सासूबाई मात्र अजून 'पण कुठल्या ग्रुपबरोबर?' एवढंच विचारतायत.

मी नाशिकला शाळेत शिकवते, पन्नाशी ओलांडली आहे. सह्याद्रीत बऱ्यापैकी भटकले आहे, गुडघे शाबूत आहेत. परदेशात एकटी मात्र पहिल्यांदाच. म्युरेन डोक्यात बसलं आहे: गावात मोटारी नाहीत, केबल कारने वर जायचं आणि दरीपलीकडे आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ही शिखरं ओळीने उभी.

घोडं अडलंय ते सुट्टीपाशी. जूनच्या मध्याला शाळा सुरू, म्हणून मेचा दुसरा-तिसरा आठवडा धरला होता. तिथल्या एका हॉटेलला मेल टाकली तर 'आम्ही जूनमध्ये उघडतो' असं उत्तर आलं. दुसऱ्याचंही तेच. मेमध्ये तिथे उन्हाळा नसतो का? की सरळ दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू?

शिवाय मी शाकाहारी, अंडंही चालत नाही. जेवणाचं काय करतात लोक? आणि एकटीने चालायला जाताना काय सांभाळावं? खर्चाचा अंदाज नकोय, तो काढून हबकून झालंय.

चिमटा

सासूबाईंनाच घेऊन जा. झाला ग्रुप.

बर्नकर

ताई, हॉटेलवाले खरं सांगतायत. वरच्या गावांचे हंगाम दोनच. बर्फाचा, साधारण डिसेंबर ते ईस्टर, आणि चालण्याचा, जून ते ऑक्टोबरचा मध्य. मधल्या दिवसांत मालक स्वतः सुट्टीवर जातात आणि केबल कारची वार्षिक दुरुस्तीही तेव्हाच काढतात. दिवाळीची सुट्टी बहुधा दुसऱ्या मधल्या काळात येते, त्यामुळे तो विचार सोडा. तेव्हा झाडं बोडकी, बर्फ धड नाही, अर्धं गाव कुलूपबंद.

म्युरेन १,६३८ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतकं. विरळ हवेचा त्रास होणार नाही, पण त्याच्या वरच्या वाटांवर मेमध्ये बर्फ असतो. सावलीतल्या घळींमध्ये तर जूनमध्येही. सह्याद्रीतल्या घसाऱ्याची सवय इथे कामाला येत नाही. टणक जुन्या बर्फावर पाय सुटला की थांबायला काही नसतं.

माझं मत: तारखा मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा अशा सरकवा, आणि मुक्काम म्युरेनऐवजी खाली लाउटरब्रुनेनला (सुमारे ८०० मीटर) किंवा वेंगेनला (१,२७४ मीटर) करा. वेंगेनलाही मोटाररस्ता जात नाही, दातेरी रुळांची गाडी जाते. म्युरेन समोरच्या कड्यावर आहे, तिथे दिवसभरासाठी जाता येतं. लाउटरब्रुनेनहून ग्र्युचआल्पपर्यंत केबल कार, पुढे कड्याच्या काठाने जाणारी छोटी आगगाडी. येताना म्युरेनहून गिमेलवाल्डला पायी उतरा. अर्ध्या-पाऊण तासाची डांबरी उतरण आहे. फक्त दुरुस्तीच्या तारखा कंपन्यांच्या साइटवर आधी बघा, मग बुकिंग करा.

मेअखेरचा एक मोठा फायदा म्हणजे पाणी. वरचं बर्फ वितळत असतं, दरीतले सगळे धबधबे भरलेले. श्टाउबबाख जवळपास ३०० मीटर कड्यावरून थेट कोसळतो. ऑगस्टअखेर बघाल तर कोरड्या दिवसांत नुसता तुषारांचा पदर उरतो. ट्र्युमेलबाख तर डोंगराच्या पोटात आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊच्या हिमनद्यांचं पाणी तिथून उतरतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. बोगद्यातल्या कठड्याला हात लावला की थरथर जाणवते आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ओल्या पायऱ्या आहेत, रेनकोट आणि चांगल्या पकडीचे बूट हवेतच.

शाळेची घंटा

बर्नकर, फार उपयोगी माहिती, धन्यवाद. म्हणजे शिक्षकांच्या दोन्ही सुट्ट्या नेमक्या त्यांच्या बंदच्या काळात! वेंगेन की लाउटरब्रुनेन, यात कौल द्या कोणीतरी.

दऱ्याखोऱ्या

वेंगेन, डोळे झाकून. मी जूनच्या सुरुवातीला एकटीच राहिले होते. लाउटरब्रुनेनला सकाळी दहा-अकरापासून फोटोवाल्यांची जत्रा असते. शिवाय दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यामुळे खाली ऊन लवकर जातं. वेंगेन वरच्या पठारावर आहे, संध्याकाळी बराच वेळ ऊन राहतं आणि रात्री नऊपर्यंत उजेड.

वाटांचं म्हणाल तर चुकणं अवघड. पिवळ्या पाट्यांवर ठिकाण आणि वेळ लिहिलेली असते. ती न थांबता चालण्याची वेळ आहे, फोटो आणि चहा आपला आपण धरायचा. पाटीचं टोक नुसतं पिवळं असेल तर निवांत वाट. टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, ती कोरडी असेल तरच. पांढरा-निळा-पांढरा दिसला की मागे वळायचं, तो आपला प्रांत नव्हे. निघताना घरमालकिणीला कुठे जातेय ते सांगत होते. आपत्कालीन नंबर ११२, आणि बचाव हेलिकॉप्टरवाल्या रेगाचा १४१४. दोन्ही फोनमध्ये ठेवा.

माणसांची भीती मला कुठेच वाटली नाही. अवघड गेलं ते पहिल्या संध्याकाळी 'एकटीसाठी टेबल' मागणं. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन गेले, मग काही वाटलं नाही.

मेतकूटभात

जेवणासाठी हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. बाहेर र्‍योस्टी मिळते (किसलेल्या बटाट्याचं खरपूस थालीपीठच म्हणा), पण तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. 'ओने श्पेक' (म्हणजे ते तुकडे नकोत) असं सांगायचं. कडक शाकाहारी असाल तर चीजचंही बघा. ग्र्युयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडणारं विरजण) असतं.

नेताना भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, गोडा मसाला न्या. तूप, पेढे, पनीर मात्र नेऊ नका. भारतातून दुग्धजन्य पदार्थ न्यायला तिथे बंदी आहे. वेंगेनला कोऑपचं दुकान आहे, दूध-दही-भाजी सगळं मिळतं. तरी रविवारच्या भरवशावर राहू नका, शनिवारीच भरून ठेवा. आणि आपला जाड तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या.

शाळेची घंटा

ठरलं. वेंगेन, मेअखेरीस, स्वयंपाकघरवाली खोली. तूप यादीतून काढलं, जड अंतःकरणाने. आता व्हिसाचं विचारते: एकटी विवाहित बाई म्हणून नवऱ्याचं संमतीपत्र मागतात का? एका एजंटने तसं ठासून सांगितलंय.

बर्नकर

सज्ञान माणसाला कसलं संमतीपत्र! शाळेचं रजा मंजूर असल्याचं पत्र लागेल, त्यात परत रुजू होण्याची तारीख असू द्या. बँकेचे तपशील, पगाराच्या पावत्या, राहण्याचं बुकिंग, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा. नवरा खर्च करणार असेल तरच त्याचे कागद. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनसाठी अपॉइंटमेंटची मारामार असते, त्यामुळे फेब्रुवारीतच उरकून टाका. रद्द करता येईल असंच बुकिंग करा.