हेडलाइटच्या आत पाणी साचतंय, घरच्या घरी काय करता येईल?

तळकोकणी
मंडळी, गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, राहायला सावंतवाडी. पाऊस सुरू झाल्यापासून डाव्या हेडलाइटच्या आत वाफ धरायला लागली, आधी सकाळी सकाळी नुसतं पुसट दिसायचं आणि बाजारात एक फेरी मारून आलो की जायचं म्हणून सोडून दिलं, पण आता खालच्या कोपऱ्यात चक्क पाणी आहे, बॉनेटला धक्का दिला की डुचमळतं. उजवी बाजू ठणठणीत कोरडी. रात्री आंबोली चढताना धुकं असलं की उजेड सगळा आजूबाजूला पसरतो आणि रस्त्यावर काहीच पडत नाही. गॅरेजवाला म्हणतो अख्खी असेंब्ली (काच, रिफ्लेक्टर, बॉडी सगळा डबाच) बदला, दुसरं काही होत नाही. व्हिडिओ बघितले तर कोणी आत तांदूळ भरतंय, कोणी ड्रिलने भोक पाडतंय, कोणी हेअर ड्रायर मारतंय. यातलं खरंच चालतं काय? पाने, स्क्रूड्रायव्हर, हेअर ड्रायर एवढं घरात आहे.

खटपट्या
तांदूळ नको हो 😄 त्याचं पीठ उडून रिफ्लेक्टरला बसलं की ते काढायला परत दुसरा व्हिडिओ शोधत बसाल. आणि पंक्चरवाल्याकडे जाऊन हवा पण मारून घेऊ नका, कॉम्प्रेसरच्या टाकीत या दिवसांत पाणीच पाणी असतं, वर तेलाचा अंश, ते सगळं आत फवारलं जाईल.

वायरमन_इचलकरंजी
दादा आधी दव आहे का पाणी आहे ते वेगळं करा, दोन्हीचा इलाज एक नाही. हेडलाइट हवाबंद डबा नसतो आणि असूही नये. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते, बंद केला की गार होताना बाहेरची हवा आत ओढली जाते, त्यासाठी मागच्या बाजूला एक-दोन व्हेंट दिलेले असतात, कुठे रबराची वाकडी नळी, कुठे पांढऱ्या पातळ पापुद्र्याची गोल टिकली, त्या पापुद्र्यातून हवा जाते पण पाणी जात नाही. आता तुमच्याकडे जुलैत हवा ३० डिग्री आणि दमटपणा ८५-९० टक्के धरला तर काच दोन-तीन डिग्रीने गार झाली की आतून दव धरलंच, वरून पावसाची एक सर पुरते. असलं पुसट दव लाइट लावून गाडी थोडी चालली की जातं, त्याच्या मागे लागू नका, नवीन गाडीतसुद्धा होतं.

पण थेंब ओघळतायत, खाली साचलंय आणि तेही एकाच बाजूला, म्हणजे पाणी कुठूनतरी थेट शिरतंय. ती जागा सापडल्याशिवाय नुसतं वाळवत बसणं म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण फरशी पुसतोय.

मागून बघा. बल्बवरचा रबरी बूट (मागचं रबराचं झाकण) सगळीकडून नीट बसलाय का, त्याची कड कुठे दुमडली आहे का. पार्किंगच्या बारक्या बल्बचा होल्डर फिरवून लॉक होतो, त्याची ओ रिंग (रबराची गोल कडी) चपटी झाली किंवा होल्डर अर्धवट बसला की तिथून हमखास येतं. इंडिकेटर त्याच असेंब्लीत असेल तर त्याचाही होल्डर. मग पुढची काच (काच म्हणतो आपण, असतं पॉलीकार्बोनेट) आणि काळी बॉडी यांच्या जोडावर बोट फिरवा, पूर्वी कुठे ठोकर लागली असेल तर वरच्या बाजूला केसासारखी चीर असते. आणि एक सांगा, बल्ब कंपनीचेच आहेत का बाहेरून टाकलेत?

तळकोकणी
बल्ब एलईडी आहेत, गेल्या दिवाळीत दुकानातून बसवून घेतले. तुम्ही सांगितल्यावर आत्ता टॉर्च घेऊन बघितलं. मागे पंखा आहे एलईडीला, तो रबरी बुटाच्या भोकातून बाहेर येईना म्हणून बसवणाऱ्याने बूट ब्लेडने उभा कापलाय, कापलेल्या दोन्ही कडा ओठासारख्या उघड्या आहेत, करंगळी जाईल एवढ्या. उजवीकडे पण कापलाय पण तिथे वरून बॅटरीचा आडोसा आहे बहुतेक म्हणून पाणी जात नसावं. दुसरं म्हणजे डावीकडे खाली एक वाकडी रबरी नळी आहे, तिच्या तोंडात माती भरलेली, टोकरली तर कडक गोळा निघाला आणि आत बारीक अळीसारखं काहीतरी वाळलेलं.

घाटरस्ता
कुंभारमाशी! आमच्याकडे राजापूरला तर नळाच्या तोंडापासून स्कूटरच्या हँडलपर्यंत जिथे भोक दिसेल तिथे घर करते ती. गाडी झाडाखाली किंवा पडवीत उभी असली की हे होणारच.

वायरमन_इचलकरंजी
मग सापडलं की सगळं. नळी बंद, त्यामुळे दिवा गार होताना आत जी ओढ तयार होते ती बुटाच्या फटीतून हवा ओढते, आणि त्या फटीवर पावसाचं पाणी ओघळत असेल तर हवेबरोबर पाणीपण. आत गेलेलं बाहेर यायची वाट मातीने बुजलेली. असेंब्लीला काही झालेलं नाही, नवीन घेतली आणि तोच कापलेला बूट चढवला तर पुढच्या पावसात परत तेच.

बूट नवीन घ्या, स्पेअरच्या दुकानात जुना दाखवला की मिळतो, असेंब्लीच्या मानाने किरकोळ खर्च. आणि माझं ऐकाल तर हॅलोजन परत टाका. एच४ बल्ब ५५/६० वॅटचा, त्यातला बराचसा भाग उष्णताच, ती पुढे काचेपर्यंत पोचते म्हणून दव पटकन सुटतं. एलईडीची उष्णता मागच्या हीटसिंकमधून (धातूच्या पात्यांतून) बॉनेटखाली जाते, पुढची काच गारच राहते, दव तासन्‌तास बसून राहतं. शिवाय तुमचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेसाठी आखलेला, त्यात एलईडी टाकला की उजेड भलतीकडे फेकला जातो. धुक्यात पसरतो म्हणता त्यात पाण्याचा हात आहेच, पण एलईडीचापण आहे, आणि समोरच्याच्या डोळ्यात जातं ते वेगळंच.

घाटरस्ता
हॅलोजनचं पटतं. आंबोली, फोंडा, गगनबावडा, कुठल्याही घाटात जा, धुक्यात पिवळसर उजेड डोळ्याला बरा. फक्त हॅलोजन बसवताना काचेला बोट लावू नका, तेलकट डाग राहिला की तिथे जास्त तापून लवकर उडतो.

मत्स्यप्रेमी_ठाणे
आता वाळवायचं कसं ते मी सांगतो. शक्य असेल तर असेंब्ली बाहेर काढा, बऱ्याच गाड्यांत बंपर सैल करावा लागतो, जमत नसेल तर गॅरेजवाल्याकडून फक्त तेवढं काढून घ्या. काढायच्या आधी गाडी सपाट जागेवर भिंतीसमोर उभी करून लो बीमची रेघ चिकटपट्टीने भिंतीवर मारून ठेवा आणि गाडी कुठे उभी होती तिथेही खूण करा, बसवल्यावर फोकस जुळवायला उपयोगी पडतं. बल्ब, होल्डर, बूट सगळं काढून पाणी ओतून टाका, उलटसुलट करून निथळू द्या.

मग हेअर ड्रायर, पण पावसाळ्यात एक गंमत आहे, ड्रायर तीच दमट हवा तापवून आत मारतो, आत असेपर्यंत कोरडं वाटतं आणि झाकण लावून गार झालं की परत वाफ. म्हणून हे काम एसीच्या खोलीत करा. एसी चालू असलेल्या खोलीत २४ डिग्री आणि साधारण निम्मा दमटपणा असेल तर त्या हवेचं दव १३ डिग्रीच्या आसपास धरतं, म्हणजे ती हवा आत असेपर्यंत सावंतवाडीच्या पावसात काच गार झाली तरी आत काही दिसणार नाही. ड्रायर मध्यम तापावर, हलवत ठेवायचा, बाहेरून हात ठेवता आला पाहिजे. हीट गन अजिबात नको, काच बॉडीला ज्या काळ्या चिकट ब्यूटाइलने बसवलेली असते ते मऊ पडतं आणि नवीनच गळती सुरू होते. मग रात्रभर भोकं उघडी ठेवून तिथेच राहू द्या आणि सकाळी बूट, होल्डर त्याच खोलीत बसवूनच बाहेर आणा. हे शेवटचं लोक विसरतात.

एसी नसेल तर माझा जुगाड. माशांच्या टाकीचा हवेचा पंप, त्याची नळी सिलिका जेल (दमटपणा शोषणारे दाणे) भरलेल्या बाटलीत, बाटलीतून दुसरी नळी बल्बच्या भोकात, बाकीची भोकं चिकटपट्टीने बंद आणि एक लांबचं उघडं. बारीक बारीक कोरडी हवा रात्रभर आत जात राहते, उष्णता नाही की काही नाही. निळं जेल गुलाबी झालं की भिजलं समजा, ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला तापवलं की परत निळं, पण निळ्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाचा ओव्हन किंवा कढई वापरू नका. आणि जेलची पुडी हेडलाइटच्या आत टाकून विसरून जायचं म्हणून काही लोक सांगतात ते ऐकू नका, हॅलोजनची काच कित्येकशे डिग्री तापते, पुडी घरंगळून चिकटली तर काय होईल बघा. शिवाय व्हेंटमधून रोज दमट हवा येणार, जेल दोन दिवसांत भिजून बसणार.

नागपुरी_तडका
एवढं रामायण कशाला राव, खालून ३ एमएमचं भोक पाडा, पाणी आपोआप जाते. माझ्या जुन्या जीपला पाडलं होतं, मस्त चालली.

वायरमन_इचलकरंजी
भाऊ जुन्या जीपला चालतं, जुनी गाडी, विकायची नाही, दिवा साधा. पण यांच्या गाडीत मूळ नळीच बुजली होती, ती साफ केली की वाट आहेच, नवीन कशाला. खालच्या भोकातून चाकाचा चिखल वर उडतो आणि उन्हाळ्यात धूळ जाऊन रिफ्लेक्टरवर बसते, ती पुढे काढता येत नाही. ड्रिलचा कीस आत पडतो ते वेगळं.

तळकोकणी, नळीत माशी परत घर करू नये म्हणून तोंडाला स्पंजचा छोटा तुकडा सैल ठेवा, दाबून बसवू नका, हवा गेली पाहिजे. बूट बसवल्यावर त्याच्या कडेवर सगळीकडून बोट फिरवा. आणि कुठे जोडाला चीर निघालीच तर व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन वापरू नका, ते सुकताना ॲसिडची वाफ सोडतं, आतला चकचकीत ॲल्युमिनियमचा थर काळवंडतो. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा फवारा जोडावर धरू नको म्हणून सांगा.

तळकोकणी
सगळ्यांचे आभार, बूट दोन्ही बाजूंचे मागवले, जुने हॅलोजन माळ्यावरच्या डब्यात सापडले. बहिणीकडे एसी आहे, रविवारी तिथे घेऊन जातो, ती ओरडणार आहे ते सोडा. एकच राहिलं, पाणी ओतून टाकल्यावर रिफ्लेक्टरच्या तळाला पांढरट डाग राहिलेत, मऊ फडक्याने पुसू का?

मत्स्यप्रेमी_ठाणे
अजिबात नको! तो थर फार पातळ असतो, फडकं फिरवलं की ओरखडे उठतात किंवा थरच निघून येतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आत ओता, हळू हलवा, ओतून टाका, दोनदा-तीनदा करा आणि मगच वाळवायला घ्या. तरी राहिले तर राहू देत, तळाशी आहेत तर उजेडाला फार फरक पडत नाही. पण थर फुगून पापुद्रे सुटलेले दिसले तर मात्र गॅरेजवाल्याचं ऐका.