मूत्रपिंडातील गाठ : सोनोग्राफी म्हणते साधी, सीटी म्हणते संशयास्पद

प्रश्न (रामदासपेठ, नागपूर) :
नमस्कार. माझ्या आईची (वय ५४) पित्ताशयातील खड्यांसाठी धंतोलीत सोनोग्राफी केली, तेव्हा उजव्या मूत्रपिंडात २.६ सेंटिमीटरची पांढरी गाठ दिसली आणि ती बहुधा अँजिओमायोलिपोमा (चरबी असलेली साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ) असावी, असे अहवालात आले. त्यानंतरच्या कॉन्ट्रास्ट सीटीत (शिरेतून औषध देऊन काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये) मात्र ‘चरबी आढळत नाही, कर्करोग नाकारता येत नाही’ असे लिहिले आहे. आईला काहीही त्रास नाही. शस्त्रक्रियेआधी आणखी काही तपासता येईल का? घरात कोणालाच झोप नाही.

उत्तर १ (रेडिओलॉजिस्ट) :
ताई, सोनोग्राफीत पांढरी दिसली एवढ्यावरून गाठ साधी ठरत नाही, कारण मूत्रपिंडाचे लहान कर्करोगही कधीकधी तसेच दिसतात. अँजिओमायोलिपोमात रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी असते, आणि कॉन्ट्रास्टविना काढलेल्या सीटीत उणे १० हाउन्सफील्डपेक्षा (सीटीतील घनतेचे एकक) कमी आकडा मिळाला तर ती चरबी मानतात. परंतु सुमारे ५ टक्के गाठींत चरबी इतकी थोडी असते की ती सीटीत दिसतच नाही. म्हणून आधी दोन गोष्टी पाहा : कॉन्ट्रास्टपूर्वीचे फोटो काढले होते का, आणि स्लाइस (सीटीतील एकेक आडवा छेद) किती जाडीचे होते? जाड स्लाइसमध्ये चरबीचा बारीक ठिपका शेजारच्या मांसात मिसळून जातो. मी स्वतः गाठीच्या सर्वांत काळ्या भागावर अगदी लहान वर्तुळ ठेवून आकडा घेतो; पूर्ण गाठीवर मोठे वर्तुळ काढले की सरासरीत चरबी हरवते. चरबीसोबत कॅल्शियमही दिसले, तर मात्र कर्करोगाचा विचार करावाच लागतो.

उत्तर २ (पॅथॉलॉजिस्ट) :
पातळ स्लाइसमध्येही चरबी सापडली नाही तर एमआरआयचा उपयोग होतो, पण त्यावरच विसंबू नये, कारण मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल प्रकारच्या कर्करोगाच्या पेशींमध्येही चरबी असते आणि तोही तिथे फसवतो. ऑन्कोसायटोमा ही दुसरी साधी गाठ तर मूत्रपिंडाच्याच क्रोमोफोब प्रकारच्या कर्करोगाहून फोटोंवरून खात्रीने वेगळी काढता येत नाही. मधला तारकाकृती व्रण दिसला तरी नाही. अशा वेळी सुईने तुकडा घेणे योग्य. त्यावर एचएमबी-४५ आणि मेलान-ए ही रंजके उमटली, तर अँजिओमायोलिपोमाच्या बाजूने भक्कम पुरावा मिळतो. सुईमुळे कर्करोग पसरण्याची भीती अनेकांना वाटते, परंतु तसे घडणे अत्यंत दुर्मीळ आहे. थोडा रक्तस्राव होऊ शकतो, त्याची कल्पना डॉक्टर आधी देतील.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. सीडी उघडून पाहिली : स्लाइस ५ मिलिमीटरचे आहेत आणि कॉन्ट्रास्टपूर्वीचा एकही फोटो नाही. आमच्या युरोसर्जनना हे दाखवले, तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलून सोमवारी पातळ स्लाइसचा, कॉन्ट्रास्टविना सीटी करायला सांगितले आहे.