ताप उतरला, तरी पेनिसिलिन १० दिवस कशाला?

चिमणीची_आई: लेक ७ वर्षांची. घसा लालभडक, स्वॅबमध्ये स्ट्रेप (घसा धरणारे जंतू) निघाला. तिसऱ्या दिवशी ताप गायब, पोरगी उड्या मारतेय. डॉक्टर म्हणतात १० दिवस पुरे करा. औषध पाजणं म्हणजे रोजची कुस्ती! खरंच गरज आहे?

जुना_सूक्ष्मदर्शक: प्रयोगशाळेत रक्त-अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या, बशा बघत म्हातारा झालो, म्हणून जरा लांबण लावतो. लुईस वॅनामेकर हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ. वायोमिंगमधल्या हवाई तळावर जवानांचे घसे स्ट्रेपने धडाधड सुजत होते. तिथे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पेनिसिलिन देऊन पाहिलं आणि १९५० साली निष्कर्ष छापले: नंतर येणारा संधिज्वर बहुतांशी टळतो. हा सांधे सुजवणारा ताप पुढे सांधे सोडतो, पण हृदयाच्या झडपा धरतो. ताप उतरला म्हणजे घशातले जंतू संपले असं नाही, १० दिवस त्यांच्यासाठी.

मला त्यांचं पुढचं काम जास्त आवडतं. मिनेसोटात ते मुलांच्या त्वचेवरच्या पुरळामागे लागले. तोच स्ट्रेप, पण कातडीवर झाला तर मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. संधिज्वराचं मूळ मात्र सहसा घशात.

दोन_पोरांचा_बाबा: आमच्याकडे औषधच पाचव्या दिवशी सुरू झालं. उशीर झाला का?

जुना_सूक्ष्मदर्शक: नाही. आजार सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत सुरू केलं तरी संधिज्वर रोखता येतो.

चिमणीची_आई: बरं काका, कुस्ती चालू ठेवते. अजून ७ दिवस!