खोकल्याला लिव्होफ्लॉक्सॅसिन कशासाठी?

तालमीतला भाचा:
माझे मामा 67 वर्षांचे. तरुणपणी लाल मातीत घाम गाळलेला गडी, परवापर्यंत पहाटे रंकाळ्याला चालायला जायचे. दम्यासाठी स्टिरॉइडची गोळी चालू होती. पावसाळ्यात खोकला झाला आणि त्यांना लिव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक दिलं गेलं. पाचव्या दिवशी टाच दुखू लागली. चालून आखडली असेल म्हणून तेल चोळलं, गोळ्या पुऱ्या केल्या. पुढच्या आठवड्यात जिना उतरताना टाचेमागची जाड शीर, अकिलिस टेंडन, तुटली. आता काठी टेकत अंगणापर्यंत येतात.

हा धोका ठाऊक नव्हता असं नाही. सिप्रो, लिव्हो, मॉक्सी, ओफ्लॉक्स, नॉरफ्लॉक्स हा सगळा अँटिबायोटिक्सचा एकच गट, फ्लुरोक्विनोलोन. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 मध्येच त्यांवर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक इशारा छापायला लावला. वय 60 च्या वर आणि सोबत स्टिरॉइड, म्हणजे जोखीम जास्त. 2016 मध्ये पुढे सांगितलं की सायनस, ब्राँकायटिस (श्वासनलिकांची सूज), लघवीचा साधा संसर्ग यांना दुसरं औषध चालत असेल तर हे देऊ नका. मग आपल्याकडे जुलाब लागले की नॉरफ्लॉक्स आणि खोकला आला की लिव्हो, हे कुठवर चालायचं?

औषध दुकानदार, शाहूपुरी:
मामांचं वाचून वाईट वाटलं. पण त्यावरून अख्खा गट बदनाम करू नका, भाऊ. लिव्हो 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या आणि नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहून ती 3 वर्षं जपून ठेवतो. स्टिरॉइड चालू आहे हे मामांनी डॉक्टरांना सांगितलं होतं का?

उद्यमनगरची ताई:
माझ्या बहिणीला औषधाला दाद न देणारा टीबी झाला होता. लिव्होफ्लॉक्सॅसिन तिच्या उपचारात कित्येक महिने होतं. सांधे दुखायचे, रडायची, पण एक दिवस चुकवला नाही आणि आज ती बरी आहे. तुमचं वाचून कुणी टीबीची गोळी मध्येच टाकली तर? आणि हो, आपल्याकडे कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आवडीनं पितात. ही गोळी दुधासोबत घ्यायची नाही, हे तिला नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दुधातल्या कॅल्शियमला चिकटून औषध पोटात नीट शोषलं जात नाही.

तालमीतला भाचा:
ताई, तुमच्या बहिणीसाठीच तर हे औषध राखायचं. खोकल्याला सरसकट लिव्हो दिलं तर टीबीचे जंतू तात्पुरते दबतात, माणसाला बरं वाटतं, निदान लांबतं आणि जंतू त्याच औषधाला निर्ढावतात. टायफॉइडचं तेच झालं. एके काळी सिप्रोने ताप उतरायचा, आता आपल्या देशात बहुतेक वेळा त्यावर भरवसा ठेवता येत नाही. टीबीची गोळी कुणीही स्वतःहून बंद करू नये. पण कुठल्याही कारणाने हे औषध चालू असताना टाच, खांदा दुखू लागला तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

दुकानदार काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मामांनी स्टिरॉइडचं नाही सांगितलं. त्यांना कुणी विचारलंही नाही.

औषध दुकानदार, शाहूपुरी:
उद्यापासून मी विचारेन. पण रात्री दहाला चिठ्ठी घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला मी "थांबा" म्हटलं, तर त्या वेळी डॉक्टर फोन उचलणार का, हेही कुणीतरी सांगा.