जंपर वायर घेताना चुंबक जवळ ठेवा

आर्डुइनोच्या (छोट्या प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्डाच्या) प्रयोगांसाठी तयार जंपरचा, म्हणजे टोकाला पिन असलेल्या जोडवायरींचा, सेट मागवला की विषय संपला, असं बरेच जण म्हणतात; ते मला निम्मंच पटतं. सेन्सर जोडायला ते सेट सोयीचे आहेत, पण स्वस्त सेटमध्ये बऱ्याचदा शुद्ध तांबं नसून तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद किंवा ॲल्युमिनियम असतं. पिनपासून लांब थोडी वायर सोलून चुंबक लावा (पिन स्वतःच चिकटू शकते), ओढली गेली की पोलाद. ॲल्युमिनियम असेल तर ब्लेडनं खरवडल्यावर आतून पांढरं दिसतं. अशा वायरीचा रोध तांब्यापेक्षा जास्त असतो. एलईडीला फरक पडत नाही, सर्व्होला (ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरला) पडतो: सुरू होताना तो एकदम करंट खेचतो, व्होल्टेज खाली येतं आणि आर्डुइनो रीसेट होत राहतो. आपण मात्र कोडमध्ये चूक शोधत बसतो.

ब्रेडबोर्डवरच्या (सोल्डर न करता भोकांत तारा खोचून सर्किट जोडायच्या पाटीवरच्या) जोडण्यांसाठी तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कॅट ५ई लॅन केबल (कॉम्प्युटर नेटवर्कची) मीटरवर सुटी मिळाली तर तीच घ्या. आत आठ रंगीत तारा, प्रत्येक २४ गेज, म्हणजे साधारण अर्धा मिलीमीटर. भोकात घट्ट बसतात. फक्त प्रत्येक रंगीत तारेच्या आत एकच जाड तार असलेली (सॉलिड कोर) मागा. पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली तयार लॅन केबल) बहुधा अनेक बारीक तारांची असते, तिची टोकं भोकात शिरताना विस्कटतात.