बारावीला मॅथ्स नव्हतं, बीएस्सी फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतले न्युमेरिकल्स कसे जमवायचे?

नंदनवन_सीबीझेड:
नमस्कार सगळ्यांना. मी नागपूरलाच बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, ग्रुप सीबीझेड, म्हणजे केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी. अकरावीत बायो घेतलं आणि मॅथ्स सोडलं, तेव्हा सगळे म्हणाले केमिस्ट्रीला कुठे मॅथ्स लागते, आता पाहते तर मोल, मोलॅरिटी (एका लिटरमध्ये किती मोल), पीएच, गॅसेस, सगळीकडे लॉग आणि पॉवरच. थिअरी समजते. सर फळ्यावर सोडवतात तेव्हा पण समजते, पण रूमवर येऊन तेच गणित आकडे बदलून करायला घेतलं की सुरुवात कुठून करायची हेच सुचत नाही. फॉर्म्युले पाठ आहेत, कोणता कधी लावायचा ते कळत नाही. मैत्रीण म्हणते अकरावी-बारावीचं मॅथ्सचं पुस्तक आणून पूर्ण करून टाक. खरंच पूर्ण करावं लागेल का? बुर्डीवर (सीताबर्डीला) क्लास लावायचं बजेट सध्या नाही.

ब्युरेट_भाऊ:
पूर्ण मॅथ्स काहून करतेस, काही गरज नाही. फर्स्ट इयरला जे लागते ते बहुतेक दहावीपर्यंतचंच आहे, गुणोत्तर, समीकरणात एक पद इकडून तिकडे नेणं, दहाचे घात, आणि वरून लॉग. कायनेटिक्समध्ये सरळ रेषेचा ग्राफ आणि त्याचा स्लोप येईल. ट्रिग्नॉमेट्री, मॅट्रिसेस हे सगळं बाजूला ठेव.

लॉगचं सांगतो, कारण सीबीझेडवाले तिथेच घाबरतात. बारावी बोर्डात कॅल्क्युलेटर नसतो, लॉग टेबल तू वापरलंच असशील, पण टेबल पाहता येणं वेगळं आणि लॉग म्हणजे दहाचा कितवा घात हे डोक्यात असणं वेगळं. फक्त दोन आकडे पाठ कर, लॉग २ म्हणजे ०.३०१० आणि लॉग ३ म्हणजे ०.४७७१. यातून ४, ५, ६, ८, ९ सगळे निघतात, ५ चा हवा असेल तर १ मधून ०.३०१० वजा कर, झालं. पीएच म्हणजे हायड्रोजन आयनच्या मोलॅरिटीचा लॉग, उणे चिन्ह लावून. आता ०.००२ मोलर एचसीएलचा पीएच काढ. ०.००२ म्हणजे २ गुणिले १०^-३, म्हणून पीएच ३ वजा ०.३० म्हणजे २.७०. आणि कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आधीच माहीत पाहिजे की उत्तर २ आणि ३ च्या मधे येणार आहे, कारण ०.००२ हे ०.०१ आणि ०.००१ च्या मधे आहे. हा अंदाज आधी करायची सवय लागली ना, की अर्ध्या चुका तिथल्या तिथे सापडतात.

शिकवणारी_ताई:
भाऊंनी लॉगचं छान सांगितलं, पण माझं मत थोडं वेगळं आहे. बेटा, तुझा प्रॉब्लेम मला मॅथ्सचा वाटतच नाही. "कोणता फॉर्म्युला लावायचा" हा प्रश्नच तुला अडवून राहिला आहे. मी फर्स्ट इयरला शिकवते, दरवर्षी हेच पाहते. ज्यांचं मॅथ्स चांगलं आहे ती मुलंसुद्धा गणित पूर्ण न वाचता आकडे उचलतात आणि फॉर्म्युल्यात कोंबतात.

एक गणित घे. १० मिली सल्फ्युरिक ॲसिडला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १८.४ मिली लागलं, तर ॲसिडची मोलॅरिटी किती? बहुतेक जण लगेच एम१व्ही१ बरोबर एम२व्ही२ (मोलॅरिटी गुणिले व्हॉल्युम, दोन्हीकडे सारखं) लावतात आणि ०.१८४ लिहून मोकळे होतात. आकडेमोड बरोबर, उत्तर दुप्पट! कारण सल्फ्युरिक ॲसिडच्या एका मोलला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन मोल लागतात आणि ते फॉर्म्युल्यात कुठेच आलेलं नाही. आता फॉर्म्युला विसर. फ्लास्कमध्ये काय होऊन राहिलं ते आधी मराठीत एका ओळीत लिही, मग बॅलन्स्ड इक्वेशन. बेसचे मोल किती पडले? ०.१ मोल प्रति लिटर गुणिले ०.०१८४ लिटर, म्हणजे ०.००१८४ मोल. ॲसिड त्याच्या निम्मं, ०.०००९२ मोल. ते ०.०१० लिटरमध्ये होतं, म्हणून ०.०९२ मोलर. प्रत्येक आकड्यासोबत युनिट लिहायचंच, आळस करायचा नाही. लिटर लिटरने कटलं, मोल उरले, तर रस्ता बरोबर आहे. भलतंच युनिट उरलं तर पुढे जाऊच नको.

आणि फळ्यावरचं समजणं म्हणजे येणं नाही. वहीतलं सोडवलेलं गणित घे, फक्त प्रश्न ठेवून खालचं सगळं कागदाने झाक, आणि स्वतः कर. अडलीस तर एकच ओळ उघड, पुन्हा झाक. दुसऱ्या दिवशी तेच गणित परत, काही न पाहता. दहा नवीन गणितं वाचण्यापेक्षा असं एक केलेलं जास्त कामी येते.

मानेवाडा_७७:
ताई बरोबर बोलल्या. एक छोटी गोष्ट, कॅल्क्युलेटरवर ३.०११ गुणिले १०^२२ ला ६.०२२ गुणिले १०^२३ ने भागताना खालच्या आकड्याला कंस टाक नाहीतर एक्स्प बटण वापर. कंस नसला तर तो वरच्या उत्तराला १०^२३ ने गुणून टाकते आणि ०.०५ मोलच्या जागी ५ गुणिले १०^४४ असलं काहीतरी येते. पोट्टे तेच उतरवून ठेवतात बिनधास्त.

नंदनवन_सीबीझेड:
खूप थँक्यू सगळ्यांना! ताई, तुमच्या पद्धतीने एक केलं. २५० मिली ०.१ मोलर सोडियम कार्बोनेट बनवायचं. ०.१ मोल प्रति लिटर गुणिले ०.२५ लिटर, ०.०२५ मोल, गुणिले १०६ ग्रॅम प्रति मोल, म्हणजे २.६५ ग्रॅम. फॉर्म्युला आठवावाच लागला नाही! पण एक शंका, अंदाज करायचा म्हणजे नेमका कशावरून? गॅसच्या गणितात मला काहीच अंदाज येत नाही.

ब्युरेट_भाऊ:
तिथे आपलं नागपूरच घे ना. डिसेंबरच्या रात्री १० डिग्री, मे महिन्यात ४५. प्रेशर तेच ठेवलं तर गॅसचं व्हॉल्युम साडेचार पट होईल का? केल्विनमध्ये २८३ आणि ३१८, म्हणजे फक्त १२ टक्क्यांच्या आसपास वाढ. सेल्सिअस तसंच टाकणाऱ्याला साडेचार पट येते आणि त्याला काही वाटत पण नाही. गॅसच्या समीकरणातला स्थिरांक आर, त्याची किंमत पण पाहून घेजो, प्रेशर ॲटमॉस्फिअरमध्ये आणि व्हॉल्युम लिटरमध्ये असेल तर ०.०८२१, पास्कल आणि घनमीटर असेल तर ८.३१४.

पीएचमध्ये पण तसंच. १०^-८ मोलर एचसीएलचा पीएच ८ लिहिणारे भरपूर आहेत. ॲसिड पाण्यात टाकून पाणी बेसिक कसं होईल? पाण्याचे स्वतःचेच १०^-७ हायड्रोजन आयन तिथे आहेत, ते धरले की क्वाड्रॅटिक येते आणि पीएच ६.९८ निघतो. क्वाड्रॅटिक दहावीचंच.

शिकवणारी_ताई:
सोडियम कार्बोनेट अगदी बरोबर. सरावाला एनसीईआरटीच्या अकरावी केमिस्ट्रीचा पहिला धडा घे, पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट आहे, आधी मोल आणि लिमिटिंग रिएजंट (रिअ‍ॅक्शनमध्ये आधी संपणारा पदार्थ) पक्कं कर, पीएच नंतर. आणि प्रॅक्टिकलचं उत्तर ०.०९१८३६७३ असं कॅल्क्युलेटर दाखवतो तेवढं लिहू नकोस, ब्युरेटवर ०.१ मिलीच्या रेघा असतात, तीन आकडे पुरेत. आता हे इथेच सोडवून दाखव, १०० मिली ०.१ नॉर्मल (एका लिटरमध्ये ०.१ इक्विव्हॅलंट) ऑक्झॅलिक ॲसिड बनवायला किती ग्रॅम घेशील? बाटलीतल्या क्रिस्टलमध्ये पाण्याचे दोन रेणू असतात, ते धरून मोलर मास १२६.

नंदनवन_सीबीझेड:
दोन हायड्रोजन देते म्हणून इक्विव्हॅलंट वेट १२६ भागिले २, म्हणजे ६३. ०.१ गुणिले ०.१ लिटर म्हणजे ०.०१ इक्विव्हॅलंट, गुणिले ६३, ०.६३ ग्रॅम. लिमिटिंग रिएजंटचं आज रात्री करते, अडलं तर इथेच टाकते.