‘तिकडे सगळं उघड चालतं’ म्हणजे कायदेशीर नव्हे

ऑफिसच्या ग्रुपसोबत पुण्याहून बँकॉकला निघालेल्यांना, पैसे देऊन शरीरसंबंध ठेवण्याबाबत, ‘तिकडे सगळं उघड चालतं, काळजी नको’ असा सल्ला कुणीतरी दिलाय. तो धोकादायक आहे. थायलंडमध्ये 1996च्या कायद्याने वेश्याव्यवसाय बेकायदा आहे. मुलगी 18च्या आतली निघाली तर गिऱ्हाईकही तुरुंगात जातं, तिची संमती तिथे चालत नाही. स्वीडनमध्ये 1999पासून, फ्रान्समध्ये 2016पासून पैसे देणाराच गुन्हेगार.

परत आलो की सुटलो, असंही नाही. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही भारतीय न्याय संहिता लागू होते. तस्करी झालेली व्यक्ती आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून, तिचं लैंगिक शोषण केलं तर कलम 144, किमान 3 वर्षं.

आणि ती कारणं समोरच असतात हो! पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात, पैसे तिसराच घेतो, ती बोलण्याआधी दाराकडे बघते. हे दिसूनही पैसे देणारा तिच्या कोंडवाड्याचं भाडं भरत असतो.

कुणी संबंध ठेवून बसलाच असेल, तर एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे 28 दिवस. पुण्यात उतरेपर्यंत थांबू नका, तिथल्याच रुग्णालयात जा.